दुमडलेलं कुंकू

कुंकू कसं लावायचं ते मला सासूबाईंनी शिकवलं, लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी. माहेरी इंदूरला मी बोटाने ओलं कुंकू टेकवायची आणि शाळेत पळायची. दुर्गाघाटावरच्या या घरात तसं चालत नव्हतं. आधी कपाळाच्या मध्यावर मेण, ते अनामिकेने गोल फिरवून पसरायचं, मग त्यावर कोरडं कुंकू दाबायचं आणि कडेचं सांडलेलं पदराने टिपायचं. माझं पहिलं कुंकू बघून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, एका बाजूने करपलेली भाकरी दिसतेय. पूस, पुन्हा कर." तिसऱ्यांदा जमलं. त्यानंतर पन्नासएक वर्षं हात आरशाशिवाय चालत राहिला.

मेणावरचं कुंकू दिवसभर टिकतं. पण कपाळाला आठी पडली की ते दुमडतं आणि त्यात उभी रेघ उमटते. हे मला माहीत नव्हतं. मला ते माझ्या मुलाने, निनादने, सांगितलं.

निनाद कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा आजारी पडला. आधी वर्गातली मुलं त्याच्याकडे बघून कुजबुजतात असं म्हणू लागला, मग गल्लीतला पानवाला, मग भिंती. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया हे नाव सांगितलं तेव्हा माझे यजमान ते शब्द तोडून तोडून म्हणत राहिले, जणू एखाद्या अवघड सूत्राची संथा घेताहेत. हे वेदपाठशाळेत संस्कृत शिकवत आणि थोडी भिक्षुकीही करत. न समजलेलं पुन्हा पुन्हा म्हटलं की समजतं अशी त्यांची खात्री होती. माझ्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण इथे एकदा लिहिते: दत्तात्रेय.

औषधांनी आवाज कमी झाले. एक गोष्ट मात्र राहिली. निनादला चेहरे कळेनासे झाले. माणूस कोण ते कळायचं, पण त्याच्या तोंडावर काय आहे ते कळायचं नाही. मी नुसती भाजी निवडत बसलेली असायची आणि तो दारातून विचारायचा, "माझ्यावर का रागावलीस?" गल्लीतली सुशीलाबाई तिच्या वारलेल्या आईसाठी रडत होती आणि हा घरी येऊन म्हणाला, "सुशीलाबाई आज फार खूश आहे."

ह्यांनी मग स्वतःकडे एक काम घेतलं. चेहरे वाचून दाखवायचं. जेवताना, घाटावर, पाहुणे आले की हलक्या आवाजात सांगायचे, "आई दमलीय रे, रागावलेली नाही." "ते काका हसताहेत, तुला नाही, त्यांच्याच विनोदाला हसताहेत." निनाद ऐकायचा, मान हलवायचा आणि पुढचा घास घ्यायचा. पोथीवर जसं भाष्य सांगावं तसं हे माझ्या चेहऱ्यावर सांगत राहिले. कधी कधी चुकीचंही सांगायचे. मी खरंच रागावलेली असताना म्हणायचे, "आईचं डोकं दुखतंय." मग मला तो राग गिळावाच लागायचा.

एकदा हे घरात नव्हते. निनाद बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "आई, तुझं कुंकू दुमडलंय. काय झालं?"

त्या दिवशी खरंच झालं होतं. माझा भाऊ इंदूरला अत्यवस्थ असल्याचा फोन आला होता. मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या दोघांत ती एक वाट झाली. डोळे, ओठ त्याला काही सांगत नसत, पण कुंकू सांगायचं. सरळ गोल असलं तर आई बरी आहे. रेघ पडली तर काहीतरी बिनसलंय. वर सरकलं तर नवल वाटलंय. मी हे ह्यांना सांगितलं तेव्हा हे हसून म्हणाले, "म्हणजे आता माझी नोकरी गेली."

हे मार्गशीर्षात गेले. सकाळी संध्येला बसले होते, तिथेच कलंडले. त्यांचा धाकटा भाऊ विश्वजीत नागपूरहून आला. अग्नी निनादने द्यायचा होता. त्याला मणिकर्णिकेवर नेलं, पण तिथे जमलेल्या माणसांकडे बघून तो भाऊजींना म्हणाला, "काका, हे सगळे का हसताहेत?" आणि वळून एकटाच गल्ल्यांतून घरी आला. अग्नी भाऊजींनी दिला. निनादने त्यानंतर वडिलांचं नावही काढलं नाही. गेले म्हणाला नाही, आहेत म्हणाला नाही.

दहाव्या दिवशी मी कुंकू पुसलं. मला कोणी भाग पाडलं नाही, हे लिहायला हवं. उलट भाऊजींची बायको वीणा म्हणाली, "वहिनी, आजकाल कोणी असं करत नाही. एक लहानशी टिकली लावा." पण माझ्या आईने पुसलं होतं, सासूबाईंनी पुसलं होतं. ह्यांच्यासाठी करण्यासारखं तेवढंच एक माझ्या हातात उरलं होतं. ओल्या फडक्याने मेण निघालं तेव्हा खालची कातडी पांढरी फटक होती. इतकी वर्षं तिथे ऊन पोचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी निनादला चहा दिला. त्याने कप घेतला, माझ्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला.

"आई कुठे आहे?"

"अरे, मी कोण आहे मग?"

"आवाज तिचाच काढतेस," तो म्हणाला, आणि भिंतीला पाठ लावून दाराकडे सरकत गेला.

त्या दिवसापासून तो माझ्या हातचं खाईना. मी त्याच्यासाठी 'ती बाई' झाले. ती बाई सारखी रागावलेली असते, ती बाई जेवणात काहीतरी घालते. गोळ्या दिल्या तर गालात धरायचा आणि नाल्यात थुंकायचा. कोपऱ्यावरच्या दुकानातली कचोरी-जिलेबी खाऊन राहायचा. होळीपर्यंत त्याच्या मनगटाची हाडं दिसायला लागली. जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि भिंतीशी बोलायचा. आवाज परत आले होते.

भाऊजींचा फोन आला. "वहिनी, तुम्ही पंचाहत्तरीच्या. तो तुमच्या हातून पाणी घेत नाही. नाशिककडे एक संस्था आहे, मी बघून आलोय. स्वच्छ आहे, बागही आहे."

"तिथे त्याचं कोण आहे, भाऊजी?"

"इथे तरी तो कोणाला ओळखतोय?"

ते म्हणाले, दादाच्या वर्षश्राद्धाला येईन तेव्हा बघू. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर त्याला बरोबर घेऊन जाईन. भाऊजी वाईट माणूस नाहीत. ह्यांच्या आजारी मुलासाठी बाग बघून येणारा भाऊ वाईट कसा असेल?

चैत्रात डॉक्टरांनी निनादची औषधं बदलली. इंजेक्शनं दिली, ती तो मुकाट्याने घेई. त्या दवाखान्यातच विद्यापीठातली एक मुलगी भेटली, कस्तुरी. तिचे वडील रेल्वेत, मुगलसरायला, त्यामुळे घरात मराठी आणि बाहेर सगळी हिंदी. ती या आजाराच्या माणसांची नजर चेहऱ्यावर कुठे फिरते याचा अभ्यास करत होती. "काकू, टेन्शन मत लीजिए, काही टोचायचं नाही," ती म्हणाली. "फक्त फोटो बघायचे. मशीन डोळ्यांवर लक्ष ठेवतं, बस." निनाद तिच्याबरोबर गेला. ती ओढणी डोक्यावरून घेऊन चष्मा लावून बसायची. तिचा चेहरा फारसा दिसतच नसे, म्हणूनही असेल.

नंतर तिने मला पडद्यावर दाखवलं. एक अनोळखी बाई हसते आहे आणि तिच्या चेहऱ्यावर लाल ठिपके.

"हे बघा, ही माझी नजर. डोळा, दुसरा डोळा, ओठ, परत डोळा. तिकोन. आपण सगळे असंच बघतो, आपल्याला कळतही नाही. आणि ये निनादभैयाची."

निनादचे ठिपके थोडेच होते. एक कानाजवळ, एक केसांत, दोन गळ्यातल्या साखळीवर. डोळ्यांकडे एकही नाही. जिथे चेहरा बोलतो तिथे त्याची नजर गेलीच नव्हती.

"त्यांना सगळ्यात अवघड गेले ते साधे चेहरे. म्हणजे ना हसणारे, ना रडणारे. त्यांना पुष्कळ वेळा ते रागावलेले वाटतात. सगळ्या पेशंटचं असंच नसतं हां काकू, प्रत्येकाचं अलग असतं."

मग तिने आवाज खाली केला. "घरचे फोटो आणा म्हटलं होतं ना मी? ते आमच्या स्टडीत नाही, सहज बघितले. आपको दिखाऊं?"

पहिला माझा जुना फोटो, निनादच्या मुंजीतला. सगळे ठिपके कुंकवावर, एकावर एक, जणू कोणी तिथे मूठभर डाळिंबाचे दाणे टाकलेत. "यावर म्हणाले, आई. बरी आहे." दुसरा आताचा, आधारसाठी काढलेला. ठिपके मागच्या पडद्यावर, पदरावर, खांद्यावर. कपाळावर एक पडला होता, पण नजर लगेच निसटून बाहेर गेली होती. "यावर ते म्हणाले, ती बाई. रागावलेली."

मी विचारलं, "कुंकू परत लावलं तर?"

कस्तुरीने पडद्यावरचा फोटो बंद केला. मग म्हणाली, "मी डॉक्टर नाही काकू. पण त्यात नुकसान काय होईल?"

तिच्या पिढीला ते नुकसान दिसलं नसतं, आणि त्यात तिचा दोष नाही.

ते मला दिसत होतं. घरी येऊन मी मेण शोधलं. लगेच लावलं नाही. ह्यांच्या फोटोसमोर बसले. ह्यांच्या जाण्याची माझ्या अंगावर एकच खूण होती, तीच पुसायला निघाले होते. शेवटी एवढंच म्हटलं, तुमचं भाष्य बंद पडलंय, आता पोर कशावरून वाचणार? आणि अनामिका मेणात घातली. हात विसरला नव्हता.

निनाद जिन्याखाली होता. मी पोळीभाजीचं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर जमिनीवर बसले. त्याने मान वळवली. बराच वेळ बघत राहिला.

"कुठे गेली होतीस?" त्याने विचारलं.

"इथेच होते."

"ती बाई गेली?"

"गेली."

तो जेवला. सगळं जेवला, आणि हातावर ठेवलेल्या गोळ्या माझ्यासमोर पाण्याबरोबर गिळल्या. मी चेहरा आवरून बसले होते. कुंकू दुमडू नये म्हणून. हात धुताना तो सहज म्हणाला, "बाबा घाटावरून आले नाहीत अजून?"

माझं कुंकू लागलं म्हणजे बाबा आहेत. किती साधं होतं, आणि मला ते आधी सुचलं नाही. त्या क्षणी त्याला खरं सांगण्याचा धीर मला नव्हता. तो इतक्या महिन्यांनी पोटभर जेवला होता.

"यायचेत," मी म्हटलं.

गल्लीत बोलणं झालंच. शेजारच्या कालिंदीवहिनी पाणी भरताना म्हणाल्या, "काय गं, दत्तात्रेयभावजी परत आले की काय?" आणि बरोबरच्या दोघी पदराआड हसल्या. मी म्हटलं, "आले तर तुम्हाला आधी कळवीन." घरी आले, दार लावलं, आणि तरी रडता आलं नाही. निनाद समोर होता आणि लगेच कपाळाकडे बघायचा. "दुमडलंय," म्हणायचा, आणि अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालायचा. नवऱ्यासाठी रडायला मला माझ्या घरात जागा उरली नाही.

पण त्याच्या अंगावर मांस आलं. आवाज पुन्हा दूर गेले. कार्तिकात तो माझ्याबरोबर राजाघाटापर्यंत फिरायला येऊ लागला. वाटेत रोज विचारायचा, बाबा कुठे आहेत. मी रोज काहीतरी सांगायची. पाठशाळेत. विंध्याचलला. एका यजमानाकडे. तो ऐकायचा, आणि मान हलवायचा, अगदी ह्यांचं ऐकायचा तसा.

मार्गशीर्षात भाऊजी आले. दार मी उघडलं. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं आणि नमस्कारासाठी वाकायचं विसरले. आत येऊन पाणी प्यायले, निनादकडे बघितलं, तो काकांशी नीट बोलला. मग मला एकटीला गाठून म्हणाले, "तब्येत सुधारलीय, मान्य. पण वहिनी, दादा गेलाय हे त्याला माहीत आहे का?"

मी सांगितलं सगळं.

"म्हणजे तुम्ही त्याला खोट्यावर जगवताय." ते रागावले नव्हते, घाबरले होते. "तुम्ही आहात तोवर ठीक. उद्या? त्याला उद्या श्राद्धाला बसवा. बापाच्या पिंडाला मुलाचा हात लागू दे. तो समजून बसला तर मी एक शब्द बोलणार नाही, तो इथेच राहील. नाहीतर मी त्याला नेईन. मला दादाला तोंड दाखवायचंय."

त्यांचं चूक नव्हतं. मलाही वाटलं, सांगावं. पण कोणत्या कपाळाने सांगू? कुंकू पुसून सांगितलं तर सांगणारी त्याची आई नसेल. ठेवून सांगितलं तर त्याला पटणार नाही. त्यातल्या त्यात ठेवूनच सांगावं असं ठरवलं. निदान माझं दुःख त्याला दिसेल.

म्हणून मी नवऱ्याच्या श्राद्धाला कुंकू लावून दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरले. आमच्यात असं कोणी कधी केलं नसावं. श्राद्ध सांगायला देवव्रत होता, ह्यांचाच विद्यार्थी. मला बघून त्याच्या हातातले दर्भ थांबले. बाकीचे ब्राह्मण नदीकडे बघायला लागले.

"चालू दे," मी म्हटलं.

"काकू, पण…"

"देवव्रत, चालू दे बाळ."

निनाद काकांशेजारी पाटावर बसला. मी मुद्दाम त्याच्या समोर बसले. भाताचे पिंड झाले. देवव्रतने गोत्र उच्चारलं आणि मग ह्यांचं नाव घेतलं. त्या नावामागे 'प्रेत' नव्हे, 'पितर' म्हणून, जसं आता ते कायमचं घेतलं जाणार होतं. मी वर्षभर धरून ठेवलेलं सगळं माझ्या कपाळात आलं. मला जाणवलं, मेणाला घडी पडली.

निनाद माझ्याकडे बघत होता.

"आई रडतेय," तो मोठ्याने म्हणाला. कोणी सांगितल्याशिवाय. काकांच्या हाताला हात लावून पुन्हा म्हणाला, "काका, आई रडतेय." मग समोरच्या पिंडाकडे बघितलं, देवव्रतकडे बघितलं. तो भिक्षुकाच्या घरात वाढलाय. त्याला हे सगळं पाठ आहे.

"बाबा गेले ना?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. मला वाटलं, झालं. त्याला कळलं आणि तरी मी त्याची आई आहे. त्या एका क्षणात मी किती पुढचं बघून घेतलं. तो आणि मी, दोघं मिळून ह्यांच्यासाठी रडतोय, आणि भाऊजी एकटे परत जाताहेत.

"मग कुंकू का लावलंयस?"

निनादने माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं.

"बाबा गेले तर पुसायचं असतं. आजीने पुसलं होतं. पूस."

"पुसलं तर तू मला ओळखणार नाहीस, निनाद."

त्याने यावर विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून, वर्गात एखादा मुलगा गणित बघतो तसा. मग त्याचा चेहरा मोकळा झाला.

"मग बाबा गेले नाहीत," तो म्हणाला. आणि लगेच घाबरून, "गेले? तू पुसणार आहेस? परत ती बाई येणार आहे?" तो पाटावरून अर्धा उठला होता. मागे सरकत होता, वर्षापूर्वी चहाचा कप ठेवून सरकला होता तसा.

समोर ह्यांचा पिंड होता. त्यांचा भाऊ होता, त्यांचा विद्यार्थी होता.

"नाही गेले," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. बस. घाबरू नकोस."

तो बसला नाही. आला आणि माझा दंड धरला. वर्षभरात त्याने मला स्पर्श केला नव्हता. "चल मग घरी," तो म्हणाला. "इथे कोणाचं तरी श्राद्ध चाललंय."

आम्ही पायऱ्या चढलो. मागे देवव्रत पुन्हा म्हणायला लागल्याचं ऐकू आलं, आणि त्याच्या मागून भाऊजींचा आवाज, एकट्याचा.

संध्याकाळी भाऊजी पिशवी भरत होते. एकट्याचीच. मी दारात उभी राहिले. ते वर न बघता म्हणाले, "दंड धरून नेलं त्याने तुम्हाला. मी बघितलं." मग म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून दादाचं श्राद्ध मी नागपूरला करीन. तुम्ही त्या दिवशी काही करू नका. एरवीसारखा स्वयंपाक करा."

मी होय म्हटलं. ते वाकले आणि या वेळी नमस्कार केला. कपाळाकडे बघितलं नाही.

ते गेल्यावर निनादने पाट मांडले. तीन मांडले. मधला जरा पुढे ओढून सारखा केला, तांब्या भरून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी कपाळ सरळ ठेवलं आणि तिन्ही पानं वाढली.